टिटवीने मोजलेली हाळी

कोणी म्हणजे कोणीच तिच्यावर विश्वास ठेवला नाही. एकदा नाही, तीनदा सांगितलं तिनं, घसा फोडून सांगितलं, आणि तिन्ही वेळा उत्तर एकच : "तू गप्प बस गं बाई, तुझ्या तोंडानंच होतंय हे सगळं." मुलांनो, खरं बोलणारीला गप्प बसवणं फार सोपं असतं. तिला आधी अपशकुनी म्हणून टाकायचं, म्हणजे पुढचं ऐकावंच लागत नाही. ही गोष्ट अशाच एकीची आहे. ती होती एक टिटवी, आणि जंगलातून वाहणाऱ्या एका नदीच्या उघड्या पात्रात, गोट्यांमध्ये तिचं घर होतं.

टिटवीचं घरटं पाहिलंय का कधी? काड्या नाहीत, कापूस नाही, छप्पर नाही. चार खडे इकडे सारायचे, चार तिकडे, की झालं घर. अंडीही खड्यांच्याच रंगाची. ठाऊक नसेल तर त्यांच्यावर पाय पडेल, पण दिसायची नाहीत. ह्या टिटवीची चार अंडी होती. नवरा त्याच हंगामात ससाण्यानं नेला होता, म्हणून अंडी उबवायची तिनं, राखायची तिनं, आणि भर दुपारी खडे तापले की नदीवर जाऊन पोटाची पिसं भिजवून आणून अंडी गार करायचीही तिनंच.

त्या पात्रात ओळीनं बारा मोठे धोंडे होते. नदी ओलांडायचा जो उतार होता, तिथून मोजायला लागायचं : पहिला, दुसरा, तिसरा. तिथली पाखरं एकमेकांना पत्ता सांगायची तो धोंड्यांवरूनच. लाव्याचं घरटं चौथ्या धोंड्याखाली, तितराचं सहाव्याखाली, रानकोंबडीचं दहाव्याच्या झुडपात, आणि टिटवीचं नवव्याच्या सावलीला. हे पत्ते नदीपलीकडे जाऊ द्यायचे नाहीत, असा कडक नियम होता. कारण पलीकडच्या काठाला एक घोरपड राहत होती आणि तिचा जीव अंड्यांवर होता. तिला नुसतं पोहून येऊन चाललं नसतं. एवढ्या मोठ्या पात्रात खड्यांच्या रंगाची अंडी शोधायला तिला दिवस लागला असता, आणि तेवढ्यात पाखरांनी तिला चोची मारून पळवलं असतं. तिला हवा होता पत्ता.

तो जाऊ नये म्हणून उतारावर साळिंदर बसवला होता. तो नाकेदार. पलीकडे जाणाऱ्या प्रत्येकाची तो झडती घ्यायचा. चोच उघडायला लावायचा, पंख वर करायला लावायचा, "कुठं चाललास, कुणाला भेटणार, काय बोलणार" असं तीनदा विचारायचा. एकाच गोष्टीची झडती तो घेत नसे. ती म्हणजे हाळी.

हाळी म्हणजे काय, ते सांगते. दोन्ही काठांवर पाखरांची वस्ती होती. रोज सकाळी, दुपारी आणि दिवस कलताना ह्या काठावरून तीन आवाज जायचे, म्हणजे "आहात का?" आणि पलीकडून तसेच तीन आवाज परत यायचे, म्हणजे "आहोत." बस, एवढंच. त्यात बातमी नाही, गप्पा नाहीत. जेवढं पाठवलं तेवढंच परत. तुमच्या शाळेतले संगणकही म्हणे एकमेकांना असंच विचारत असतात, "आहेस का?" आणि दुसरा तेवढंच परत पाठवून सांगतो, "आहे." त्याला पिंग म्हणतात. नाव नवं, रीत जुनीच.

ही हाळी अडवायची नाही, असा नियम पडला त्यालाही कारण होतं. एका साली पलीकडे वणवा पेटला होता. साळिंदराचा आजा तेव्हा नाक्यावर होता. ह्या काठावरून हाळी द्यायला निघालेल्या बगळ्याला त्यानं धरून ठेवलं, "काय ओरडणार ते आधी मला सांग" म्हणत बसला. तोवर उशीर झाला. पलीकडची हाळी बंद पडल्याचं इकडे कळलं तेव्हा वाचवायला कोणी उरलं नव्हतं. तेव्हापासून हाळीला सगळे रस्ते मोकळे.

आणि ही हाळी देण्याचा मान होता भारद्वाजाचा. तांबूस पंख, लाल डोळे, आणि आवाज असा की मडक्यात तोंड घालून बोलावं : "हूप, हूप, हूप." भारद्वाज दिसला की दिवस चांगला जातो, असं सगळी पाखरं मानायची. त्याचं नावसुद्धा कोणी घेत नसे, महाराज म्हणायचे. महाराजांनी हूप केलं की सगळ्यांनी डोळे मिटायचे, मान खाली घालायची आणि मनातली इच्छा पुटपुटायची. पलीकडेही महाराजांचेच मेहुणे परतीची हाळी द्यायचे, आणि पलीकडची पाखरंही डोळे मिटूनच उभी असायची. शिवाय कोणी नवं घरटं केलं, की महाराज येऊन त्याच्याभोवती एक फेरा घालायचे. फेरा झाला की घरट्याला नजर लागत नाही म्हणे.

टिटवीच्या घरट्याला मात्र महाराजांनी फेरा घातला नव्हता. "टिटवी ओरडली की वाईट होतं," ते म्हणाले होते. "मी तिच्या सावलीला जात नाही. तिलाही सांगा, हाळीच्या वेळी नवव्या धोंड्यापलीकडे यायचं नाही, आणि तोंड उघडायचं नाही."

बरं, नाही उघडलं तोंड. पण कान तर उघडे होते की नाही? सगळं पात्र डोळे मिटून इच्छा पुटपुटत असताना ही एकटी अंड्यांवर बसून टक लावून बघायची आणि ऐकायची. इच्छा मागायला तिला कोणी बोलावलंच नव्हतं.

एके दिवशी कलत्या उन्हात तिच्या कानांना काहीतरी खटकलं. हाळी लांबली होती. तीन हूप झाले, मग महाराज थांबले, मग पुन्हा चार, मग थांबले, मग पाच. पलीकडून परत आला फक्त एक. दुसऱ्या दिवशी भर दुपारी लाव्याची अंडी गेली.

"काल हाळी लांबली होती," टिटवी म्हणाली.

"महाराजांचा गळा भरून आला असेल," लावा डोळे पुसत म्हणाला.

चार दिवसांनी हाळी पुन्हा लांबली, आणि तितराची अंडी गेली. टिटवीनं पुन्हा सांगितलं. तितर म्हणाला, "हाळीला नावं ठेवतेस? जीभ झडेल."

तेव्हा तिनं ठरवलं की आता नुसतं ऐकायचं नाही. तिला लिहिता येत नव्हतं, पण खडे मांडता येत होते. जन्मभर दुसरं काय केलं होतं तिनं? प्रत्येक हूपला एक खडा ठेवायचा, आणि महाराज मध्ये थांबले की नवी रास सुरू करायची. पाच दिवस नुसत्या तीन-तीन खड्यांच्या राशी झाल्या. सहाव्या दिवशी सकाळी महाराजांनी रानकोंबडीच्या घरट्याला फेरा घातला, आणि दिवस कलताना टिटवीसमोर तीन राशी पडल्या. तीन खडे. दहा खडे. सहा खडे. पलीकडून परत आला फक्त एक.

टिटवी त्या राशींकडे बघत राहिली. दहावा धोंडा कुणाचा? रानकोंबडीचा. तिची अंडी किती? सहा. मग आधीचं आठवलं. लावा चौथ्या धोंड्याखाली, अंडी पाच. ती तशीच धावत दहाव्या धोंड्यापाशी गेली आणि ओरडायला लागली, "हलव गं, अंडी हलव! उद्या दुपारी जाणार बघ तुझी!"

रानकोंबडी फडफडत बाहेर आली. "मेले! आज सकाळीच महाराजांचा फेरा झालाय, आणि तू येऊन अभद्र बोलतेस? हो बाजूला! कडू तोंडाची!"

दुसऱ्या दिवशी दुपारी रानकोंबडी पाण्यावर गेली. टिटवीला दहाव्या धोंड्याआड एक खवल्यांची शेपटी सरपटताना दिसली. ती जीव खाऊन ओरडली. सगळे धावले, पण घोरपड तोवर पाण्यात. सहाच्या सहा अंडी गेली होती.

मग काय, भरली सभा. पंचांचा मुख्य होता मोर, सगळ्यांचा पाटील. तो पिसारा सावरून बसला, महाराज करंजाच्या फांदीवर, आणि टिटवी मध्ये एकटी उभी.

"ही ओरडली आणि माझी अंडी गेली," रानकोंबडी हंबरडा फोडून म्हणाली. "आणि पाटील, मला एक सांगा. लाव्याची गेली, तितराची गेली, माझी गेली. हिची चारच्या चार शाबूत कशी?"

सगळ्यांनी टिटवीकडे पाहिलं.

"सांगते की," टिटवी म्हणाली. "महाराजांनी माझ्या घरट्याला फेरा घातला नाही, म्हणून शाबूत."

असा गलका झाला म्हणता! कोणी थुंकलं, कोणी चोच मारायला धावलं. महाराजांनी पंख वर करून सगळ्यांना शांत केलं.

"बाळांनो, तिला बोलू नका," ते गोड आवाजात म्हणाले. "एकटी बाई आहे. दुःखानं डोकं फिरतं. तिचंही भलं होवो, दुसरीकडे कुठंतरी."

मोरानं निकाल दिला. उद्या दिवस मावळायच्या आत टिटवीनं पात्र सोडून जायचं.

"माझी अंडी?" टिटवीनं विचारलं. "आतून टकटक चालू झालीय, पाटील. दोन दिवसांत फुटतील. मी गेले तर गार पडतील ती."

"नियम तो नियम," मोर म्हणाला, आणि तिच्या डोळ्यांकडे न बघता निघून गेला.

टिटवी रडली नाही. रडायला वेळ कुठं होता? उद्याच्या मावळतीच्या आत खरं काय ते सगळ्यांना दिसलं पाहिजे, नाहीतर चार पिलं कवचातच संपणार. ती अंड्यांना वाळूचा थर देऊन तडक उतारावर गेली.

"साळिंदरदादा, तुझ्या नाक्यावरून पत्ते जातायत."

साळिंदराचे काटे ताठ झाले. "माझ्या नाक्यावरून? मुंगीसुद्धा गेलेली नाही माझ्या नजरेशिवाय!"

"मुंगी नाही गेली. आवाज गेला. तू चोची उघडून बघतोस, पंखांखाली बघतोस, आणि ते राजरोस तुझ्या डोक्यावरून जातंय. हाळीतून."

"हाळी अडवायची नाही," साळिंदर पटकन म्हणाला, आणि त्याचा आवाज उतरला. "माझ्या आज्यानं अडवली होती. अजून लोक आम्हाला त्यावरून बोलतात. मला सांगू नकोस अडवायला."

"अरे, अडव कोण म्हणतंय? मी अडव म्हणत नाही. मोज म्हणते. जाऊ दे तिला खुशाल, पण किती गेली ते मोज, आणि किती परत आली ते मोज. तीन गेले की तीन यायला पाहिजेत ना? काल एकोणीस गेले, दादा. आला एक."

साळिंदरानं काटे खाली केले. मग म्हणाला, "मोजायला काही बंदी नाही."

"तेच म्हणते मी. आणि उद्या दुपारी माझ्या धोंड्याआड येऊन बस."

"तुझ्या? तुझ्या घरट्याचा पत्ता कुठं गेलाय?"

"आज जाईल," टिटवी म्हणाली. "मी जाऊ देणार आहे."

तिथून ती गेली दहाव्या धोंड्याकडे. रानकोंबडी रिकाम्या घरट्यात बसून होती. टिटवीला बघून तिनं मान फिरवली.

"शिव्या नंतर दे," टिटवी म्हणाली. "आधी एक सांग. रोज हाळीच्या वेळी डोळे मिटून काय मागत होतीस?"

"तुला काय करायचंय?"

"सांग तरी."

"माझी अंडी सुखरूप राहू देत, असं मागत होते," रानकोंबडी म्हणाली.

"काल तू ते मागत होतीस, आणि त्याच वेळी तो सांगत होता. दहावा धोंडा. सहा अंडी. चल माझ्यासोबत, खडे दाखवते. वारा खडे हलवत नाही, आणि मी तुझ्यासारखीच आई आहे, खोटे खडे मांडायला मला हौस नाही."

रानकोंबडी आली. तीन, दहा, सहा. तिनं चोचीनं एकेक खडा मोजला, मग पुन्हा मोजला. मग खाली बसली.

"पण हे कोणी मानणार नाही गं," ती म्हणाली. "सगळे डोळे मिटतात. मीही मिटत होते. महाराजांचे हूप मोजा म्हटलं तर मला दगड मारतील."

"मग काय करावं?"

रानकोंबडीचं तोंड आयुष्यात कधी मिटलं नव्हतं, आणि डोकंही काही कमी नव्हतं. ती एकदम उठली. "थांब. तू बघच."

तासाभरात सगळ्या पात्रात बातमी झाली की एक नवं व्रत निघालंय. महाराजांच्या प्रत्येक हूपला एक खडा वाहायचा. महाराज थांबले की नवी रास करायची. पलीकडून जे परत येईल त्याची रास वेगळी. तिन्ही वेळा नाही जमलं तरी चालेल, पण आज कलत्या उन्हाला चुकवायचं नाही. "माझी अंडी गेली ती हे व्रत केलं नव्हतं म्हणूनच," असं ती जो भेटेल त्याला सांगत सुटली. लाव्यानं खडे गोळा केले. तितरानं तर गुळगुळीत बघून निवडले. मोरानंही आपल्या पायाशी ढीग करून घेतला. त्याला कोणी व्रतात मागे पडलेला म्हणायला नको होता.

इकडे टिटवी करंजाखाली जाऊन मान खाली घालून उभी राहिली. हे तिला सगळ्यात जड गेलं. उद्या काय होईल याची भीती तिला वाटत होतीच, पण ह्याच्यापुढे मान खाली घालायची म्हणजे दगड गिळण्यासारखं होतं.

"महाराज, चुकले मी," ती म्हणाली. "उद्या जायचंच आहे. जाण्याआधी माझ्या अंड्यांभोवती एक फेरा घाला. मी गेल्यावर त्यांना तेवढाच आधार."

महाराजांनी डोळे बारीक केले. मग हसले. "पश्चात्ताप झाला ना? बस, मला एवढंच हवं होतं."

ते आले. सावलीलाही न येणारे महाराज आता घरट्यापाशी अगदी वाकून आले. खोटं घरटं करून भागलं नसतं, हे टिटवीला तेव्हा कळलं. ते लाल डोळे एकेक अंडं निरखत होते. "चार," ते हळूच म्हणाले. "छान. चार." आणि फेरा पुरा करून गेले. टिटवीनं पंखांखाली अंडी ओढली. आतून टकटक चालूच होती.

दिवस कलला. महाराज करंजाच्या शेंड्यावर जाऊन बसले. खाली सगळं पात्र खडे घेऊन उभं. आपल्यासाठी हा सगळा मान चाललाय, असं समजून महाराजांची छाती फुगली, आणि आवाज रोजच्यापेक्षा मोठा लागला.

"हूप, हूप, हूप."

खट, खट, खट. तीन खडे पडले. महाराज थांबले. कोणीतरी डोळे उघडले असतील, कोणी मिटलेलेच ठेवले असतील. पण चोचीतला खडा कोणी चुकवला नाही. मग पुन्हा हूप सुरू झाले. टिटवी मोजत होती. सात. आठ. नऊ. थांबले. मग एक, दोन, तीन, चार.

पलीकडून आला एक.

"राशी मोडायच्या नाहीत बरं," रानकोंबडी सगळीकडे ओरडत फिरली. "उद्या दुपारपर्यंत तशाच ठेवायच्या. व्रताचा नियम आहे!"

दुसऱ्या दिवशी ऊन चढलं, खडे पोळायला लागले. रोजच्यासारखं आता पाण्यावर जायचं होतं. न जावं तर घोरपडीला संशय यायचा, आणि जावं तर मागे अंडी उघडी. साळिंदर धोंड्याआड अंग चोरून बसला होता. त्याचा एक काटासुद्धा दिसत नव्हता. दिसत नव्हता म्हणूनच टिटवीला धीर वाटेना. झोप लागली असेल का त्याला? म्हातारा झालाय. पण ती उठली. एकदाही मागे न बघता पाण्यापर्यंत चालत गेली, पाण्यात बसली, आणि पोटाची पिसं भिजवायला लागली. पाणी गार होतं आणि तिचे पाय लटपटत होते. मुलांनो, शूर असणं म्हणजे पाय न लटपटणं नव्हे. लटपटत्या पायांनी पाण्यात बसून राहणं, ते शूर असणं.

वरच्या अंगाला पाणी किंचित हललं. घोरपड काठावर चढली. पहिल्या धोंड्याकडे बघितलं नाही, पाचव्याकडे नाही, आठव्याकडे नाही. सरळ नवव्याकडे. वाळू उकरायला तिनं पंजा उचलला.

आणि साळिंदर उलटा फिरला.

घोरपड अशी किंचाळली की पलीकडच्या काठावरची पाखरं उडाली. तिच्या नाकात, गालात, पंजात काटे रुतले होते. टिटवी बाणासारखी आली आणि तिच्या डोक्यावर घिरट्या घालत ओरडायला लागली, "टिट् टिट् टिव्! टिट् टिट् टिव्!" ह्या खेपेला मात्र कोणी म्हणालं नाही, गप्प बस. सगळं पात्र धावत आलं.

"काटे काढा," घोरपड विव्हळली. "आधी काटे काढा!"

"आधी बोल," साळिंदर म्हणाला. "तुला नववा धोंडा कोणी सांगितला?"

घोरपडीनं सगळ्यांकडे पाहिलं, आणि एवढ्या दुखण्यातही तिला हसू आलं. "मला काय विचारता? काल सगळ्यांसमोर तर सांगितलं. नववा धोंडा, चार अंडी. मेहुण्याचा एक हूप म्हणजे 'पोचलं'. तुम्ही सगळे माना खाली घालून उभे होतात की!"

मोर हळूहळू चालत आपल्या जागेवर गेला आणि आपली रास बघितली. तीन. नऊ. चार. शेजारी, पलीकडून आलेला एकच खडा. मग तो तितराच्या राशीपाशी गेला. तीन. नऊ. चार. एक. मग लाव्याच्या. मग वर करंजाकडे बघितलं.

"योगायोग आहे, बाळांनो," महाराज वरून म्हणाले. "मी तर भक्तीच्या भरात..."

"भक्तीच्या भरात नेमकं नऊ आणि नेमकं चार?" टिटवी म्हणाली. "उद्या आणखी कुणाचा भर येणार होता?"

रानकोंबडी मध्येच नाहीशी झाली होती. ती आता महाराजांच्या घाणेरीच्या जाळीतून बाहेर आली. तिच्या चोचीत एक कवच होतं, अर्धं, आतून पिवळं सुकलेलं. घोरपड जाता जाता महाराजांचा वाटा त्या जाळीत टाकून जात असे, ते असं उघडं पडलं. रानकोंबडीनं ते कवच टिटवीच्या पायाशी ठेवलं. ते रानकोंबडीच्याच अंड्याचं होतं. आई आपलं अंडं ओळखते.

"परवा मी तुला कडू तोंडाची म्हणाले होते," ती म्हणाली, आणि कवचापाशी बसली.

"आहेच मी कडू तोंडाची," टिटवी म्हणाली. "रड आता मोकळी. पुढच्या हंगामात घरटं माझ्या शेजारी कर, मी बघते कोण येतं ते."

घोरपडीचे काटे काढून तिला पाण्यात ढकललं. ती ह्या काठाला पुन्हा फिरकली नाही. महाराज उडून जायला बघत होते, पण लावा आणि तितर आधीच शेंड्यावर जाऊन बसले होते. पंचांची रीत अशी होती की गुन्हेगाराचं नाव दोन्ही काठांना ऐकू जाईल असं मोठ्यानं घ्यायचं, म्हणजे त्याला कुठंही थारा मिळत नसे. मोरानं तोंड उघडलं, आणि त्यातून निघालं, "महाराज..."

"महाराज कसले?" रानकोंबडी खेकसली. "नावानं हाक मारा की, पाटील! जीभ अडते का तुमची?"

अडत होती. कित्येक वर्षं ते नाव त्यांनी शुभ म्हणून मनातच ठेवलं होतं. पण शेवटी सगळ्या पात्रानं एका आवाजात ते घेतलं, आणि ते पलीकडे पोचल्यावर तिथल्या पाखरांनी मेहुण्यालाही फांदीवरून खाली उतरवलं.

त्या दिवशी सूर्य मावळला तेव्हा टिटवी नवव्या धोंड्यापाशीच होती. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलं अंडं फुटलं, आणि दुपारपर्यंत चौघंही खड्यांतून तुरुतुरु पळायला लागली. टिटवीची पिलं तशीच असतात, अंगावरचं ओलं वाळलं की निघाली.

हाळी बंद झाली नाही. ती बंद करून चालणारच नव्हतं. वणव्याची आठवण कोणी विसरलं नव्हतं. पण आता ती टिटवी देते. "टिट्, टिट्, टिव्." पलीकडून तेवढीच परत येते. इकडे साळिंदर नाक्यावर बसून तीन खडे मांडतो, तीन खडे जुळवतो, आणि मगच जेवायला जातो. त्या वेळी आता कोणी डोळे मिटत नाही. टिटवीची चौघं पिलं तर खडे मांडण्यावरून भांडतात, आणि एखाद्या दिवशी टिटवी मुद्दाम एक आवाज जास्त काढते, कोणाच्या लक्षात येतं ते बघायला. येतं. दर वेळी येतं.

तात्पर्य : जी हाक रोजची, साधी आणि शुभ म्हणून कोणी तपासत नाही, ती अडवू नका, पण मोजा, किती गेली आणि किती परत आली ते बघा. आणि जी बाई धोका सांगते तिला अपशकुनी म्हणण्याआधी ती कोणाचं नाव घेते आहे ते ऐका. त्या पात्रानं ते ऐकलं असतं, तर निदान दोन घरटी वाचली असती. कारण शेवटी सगळ्यांना घ्यावं लागलं ते नाव एकच होतं : भारद्वाज.